खरवस काट्यावर

नगर जिल्ह्याचे नाव कागदोपत्री अहिल्यानगर झाले, तरी इथल्या माणसाचा काट्यावरचा संशय जुन्याच नावाने चालू आहे. सकाळी संकलन केंद्रावर दुधाचा कॅन उतरला की त्याचे डोळे फॅट मशीनच्या आकड्यावर खिळतात. साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ हे त्याला पाढ्यांच्या आधी पाठ झालेले असते. आकडा 3.4 आला की पहिला संशय मशीनवर, दुसरा मशीन चालवणाऱ्यावर, तिसरा पुढच्या नंबरच्या शेजाऱ्यावर. गाईवर संशय घ्यायची पद्धत नाही. दुपारी कांदा घेऊन मार्केटला गेला तर तिथेही काटा. आणि गळीत हंगामात तर विचारूच नये. लोणीला 1950 मध्ये सहकारी तत्त्वावरचा आशियातला पहिला साखर कारखाना सुरू झाला. तेव्हापासून जिल्ह्याच्या तीन पिढ्या एकच वजाबाकी करत आल्या आहेत: भरलेल्या गाडीचे वजन, वजा रिकाम्या गाडीचे वजन, वजा पाचट, वजा चाकाला लागलेली माती, बाकी आपल्या वाट्याला आलेला मनस्ताप.

अशा जिल्ह्यातल्या माणसाला एका रेणूचे वजन करणारा काटा दाखवला, तर तो पहिल्यांदा काय विचारील? "आधी रिकामा लावून दाखवा."

विनोदाचा भाग सोडला तर प्रश्न अगदी बरोबर आहे. मास स्पेक्ट्रोमीटर नावाचा हा काटा कोट्यवधी रुपयांचा असतो. पाठ्यपुस्तकी मराठीत त्याला वस्तुमान वर्णपटमापी म्हणतात. हे नाव एका दमात म्हणणाऱ्याला यंत्र एक दिवस फुकट वापरू द्यावे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईची आयआयटी अशा ठिकाणी ही यंत्रे प्रथिने मोजतात. यंत्र असते वातानुकूलित खोलीत, आतून निर्वात, बाहेरून पांढरेशुभ्र. त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढायची पद्धत आहे. पण त्याने दिलेला आकडा खरा की खोटा, हे त्या खोलीत ठरतच नाही. ते ठरते दोन दरवाजे अलीकडे, बेसिनजवळच्या ओट्यावर, जिथे कुणीतरी दोन दिवस नमुना धूत बसलेले असते. तिथे फोटो काढत नाहीत.

हे धुणे समजून घ्यायला नगरकरांच्या परिचयाचे प्रथिन घ्यावे. समजा, संगमनेरजवळच्या एखाद्या वस्तीवरची मुलगी पुण्यात पीएचडी करते आहे, आणि सुट्टीत घरी आली तेव्हाच नेमकी गाय व्यायली.

गाय व्यायली की घरात दोन पक्ष पडतात: एक वासराचा आणि एक खरवसाचा. पहिल्या पक्षात बहुधा एकटी आजी असते, कारण तिला दोन्ही कळतात. दुसऱ्या पक्षात उरलेले घर, आळी आणि ज्यांच्याकडून मागच्या वर्षी आपण चीक आणला होता ती तीन कुटुंबे. चिकाचे भांडे दिले की ते मोकळे परत येत नाही, हा अलिखित नियम. त्यामुळे एका वासराच्या जन्माने चार घरांत साखर, गूळ, लाडू आणि क्वचित भांडणे फिरतात. अशा गर्दीत ही मुलगी हातात झाकणाची छोटी नळी घेऊन उभी राहते आणि म्हणते, "आई, मला चीक पाहिजे. चमचाभर."

"चमचाभर? अगं, त्यात वडी तरी होईल का एक?"

वडी करायची नाही, मोजायचा आहे, म्हटल्यावर वडील तत्परतेने म्हणतात, "केंद्रावर चिकाची फॅट लावत नाहीत, बाई."

चिकाला केंद्रावर किंमत नसली तरी प्रयोगशाळेत आहे. साध्या गाईच्या दुधात प्रथिने असतात शेकडा सव्वातीनच्या आसपास. व्याल्यावरच्या पहिल्या चिकात ती चौदाच्या घरात जातात. त्यातला मोठा वाटा प्रतिपिंडांचा, म्हणजे रोगजंतूंना धरणाऱ्या पहारेकऱ्यांचा. गाईच्या वारेतून ही प्रतिपिंडे पोटातल्या वासराला मिळत नाहीत. वासरू जन्मते ते पहारेकऱ्यावाचून. चीक प्यायला की पहारा बसतो. पहिल्या चोवीस तासांत ही प्रतिपिंडे आतड्यातून अखंडच्या अखंड रक्तात जातात, मग ते दार बंद होते. आजी वासराच्या पक्षात का, त्याचे हे शास्त्रीय उत्तर. आजीला उत्तर माहीत नव्हते, पक्ष माहीत होता.

एका प्रतिपिंडाचे वजन सुमारे दीड लाख डाल्टन. डाल्टन हे रेणूंच्या बाजारातले माप. हायड्रोजनचा एक अणू साधारण एक डाल्टन भरतो, पाण्याचा रेणू अठरा. त्या हिशेबाने पाणी म्हणजे शेळी आणि प्रतिपिंड म्हणजे सगळा साखर कारखाना, चिमणीसकट. तरीही एक ग्रॅम प्रतिपिंडे मोजायला चारावर अठरा शून्ये इतके नग लागतात. वजन मोठे आणि वस्तू अदृश्य, अशी ही अडचण.

आणखी अडचण अशी की मास स्पेक्ट्रोमीटरला जमिनीवरची वस्तू दिसत नाही. रेणू आधी हवेत उडाला पाहिजे आणि त्याच्या अंगावर विद्युतभार चढला पाहिजे. मग त्याला विजेचा धक्का देऊन नळीतून पळवायचे आणि शेवटपर्यंत पोचायला किती वेळ लागला ते मोजायचे. सगळ्यांना धक्का सारखा. हलके पुढे, जड मागे. बैलगाडा शर्यतीचा घाट डोळ्यांपुढे आणावा. फरक एवढाच की इथे निकाल सेकंदाच्या लाखाव्या-दहालाखाव्या भागात लागतो आणि गुलाल उधळत नाहीत. उधळला तर यंत्र कंपनीच्या माणसाला बोलवावे लागेल.

लहान रेणू तापवले की वाफ होऊन उडतात. पण प्रथिन तापवले तर काय होते, हे प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. त्याचा खरवस होतो. उष्णतेने चिकातल्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात, ती एकमेकांत गुंततात आणि भांडे उपडे केले तरी पडणार नाही अशी थरथरती वडी तयार होते. कुकरची शिट्टी झाल्यावर ज्या गोष्टीची वाहवा होते, तीच प्रयोगशाळेच्या नळीत झाली की मुलगी डोक्याला हात लावते.

मोठे प्रथिन न शिजवता उडवायचे कसे, हा प्रश्न जगाला 1980 च्या दशकापर्यंत छळत होता. तो सुटला दोन वाटांनी, आणि दोन्ही वाटा आपल्याकडच्या माणसाला ओळखीच्या वाटतील. क्योटोच्या शिमाद्झू कंपनीतले तरुण इंजिनिअर कोइची तानाका 1985 मध्ये कोबाल्टच्या अतिबारीक भुकटीत अॅसिटोन घालायला गेले आणि चुकून ग्लिसरीन ओतून बसले. भुकटी महाग होती. फेकायला जीव होईना. म्हणून त्यांनी तोच राडा यंत्रात घालून वर लेझर मारला, आणि मोठा रेणू अखंड उडाला. घरात उरलेल्या भाताचा फोडणीचा भात करणाऱ्या बायकांना यात नवल वाटू नये. त्याच सुमारास जर्मनीत हिलेनकँप आणि करास यांनी विशिष्ट आम्लांच्या स्फटिकांत प्रथिन मुरवून लेझरने उडवायची रीत बसवली. लेझरच्या वाटेवर आज जास्त वापरात आहे ती हीच.

दुसरी वाट फवारणीची. अमेरिकेतले जॉन फेन यांनी प्रथिनाचे पाणी बारीक सुईतून काही हजार व्होल्टांखाली फवारले. थेंब भारित होतात, सुकत जातात, फुटत जातात. शेवटी पाणी उडून जाते आणि भार अंगावर घेतलेले प्रथिन एकटे उरते. फेन यांच्या नोबेल व्याख्यानाचे नावच रेणूंतल्या हत्तींना फवाऱ्याचे पंख, अशा अर्थाचे होते. तानाका आणि फेन यांना 2002 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. तानाका तेव्हा 43 वर्षांचे, पीएचडी नसलेले. पत्रकारांसमोर आले ते कंपनीच्या कामाच्या कपड्यांत. फेन 85 वर्षांचे. डाळिंबाच्या बागेत पंप पाठीवर घेऊन फिरलेल्या कुणालाही फेन यांच्या यंत्राचे पुढचे दुखणे सांगावे लागत नाही: नोझल तुंबते.

तुंबते कशाने? न धुतलेल्या नमुन्याने. इथून खरी गोष्ट सुरू होते.

चीक नळीत घेतला की पहिले काम गारठ्याचे. दुधातच प्लाझ्मिन नावाचे विकर असते, आणि ते दुधातल्याच केसीन नावाच्या प्रथिनाचे तुकडे पाडत बसते. चोर बाहेरून येत नाही, घरातच राहतो. म्हणून नळी थर्माकोलच्या डब्यात बर्फात पुरायची आणि पुण्याची एसटी धरायची. चंदनापुरीचा घाट ओलांडला, आळेफाटा गेला, नारायणगाव मागे पडले, इथवर बर्फ टिकतो. मग चाकण येते. चाकणच्या कोंडीत बर्फ आणि माणूस दोघेही हळूहळू पाणी होतात. शेजारच्या सीटवरचे काका डब्याकडे बघून विचारतात, "मासे का?" ती म्हणते, "खरवस." काका पुढचे दोन तास डब्यावरची नजर हलवत नाहीत.

प्रयोगशाळेत पोचल्यावर नळी गरगर फिरवायची. साय वर येते, ती काढून टाकायची. घरी ही गोष्ट सांगू नये. मग थोडे आम्ल घालून आंबटपणा 4.6 या अंकावर आणायचा, की केसीन फाटून खाली बसते. पनीर करताना लिंबू पिळतात, तेच. फरक असा की पनीरवाला चोथा ठेवून पाणी टाकतो, ही पाणी ठेवून चोथा टाकते. त्या पिवळसर पाण्यात प्रतिपिंडे आहेत. ती वेचायला प्रोटीन जी नावाचा खुंटा बारीक मण्यांवर ठोकलेला मिळतो. गाईची प्रतिपिंडे त्याला बांधली जातात, बाकीचा बाजार धुऊन निघून जातो. शेवटी जरा आंबट पाणी सोडले की खुंट्यावरची जनावरे सुटतात आणि ओंजळभर नव्हे, थेंबभर स्वच्छ प्रतिपिंड हाती लागते.

स्वच्छ म्हणजे कितपत, हे मात्र काटा ठरवतो, आणि तो नगरच्या शेतकऱ्याहून संशयी आहे.

पहिला शत्रू मीठ. प्रथिने सुखाने राहावीत म्हणून त्यांना खारट पाण्यात ठेवतात. पण त्याच पाण्यातला सोडियम प्रथिनाला चिकटतो. हायड्रोजनच्या जागी एक सोडियम बसला की वजन 22 डाल्टनने वाढते, दोन बसले की 44 ने. चाकाला किती माती लागली ते दर गाडीचे वेगळे असावे, तसे प्रत्येक रेणूचे वजन थोडे थोडे वेगळे येते आणि उंच सुळका यायचा तिथे पसरट टेकाड दिसते. उपाय जुनाच, चाक धुणे. तीस हजार डाल्टनच्या आतले सगळे खाली सोडणाऱ्या चाळणीत नमुना ओतायचा, फिरवायचा, नवे पाणी घालायचे, पुन्हा फिरवायचे. ते नवे पाणीही अमोनियम अॅसिटेटचे, कारण हे मीठ निर्वातात उडून जाते. पंगतीला बसून जेवणाआधीच उठणारा पाहुणा एरवी कुणाला आवडत नाही. इथे तोच लागतो.

दुसरा शत्रू साबण. प्रथिने विरघळवायला एसडीएस नावाचा साबण छान, पण यंत्रात तो गेला की फवाऱ्यातला विद्युतभार आधी स्वतःच्या पदरात पाडून घेतो. शिर्डीच्या दर्शनरांगेत पहाटेपासून उभे असलेल्याला दुपारी जे वाटते, ते तेव्हा मोठ्या प्रथिनाला वाटत असावे. छोटे, चपळ, ओळखीचे रेणू पुढे जातात आणि हा दीड लाख डाल्टनचा गृहस्थ रांगेतच. साबणाची दुसरी भावंडे भांडी धुण्यातून, स्वस्त प्लॅस्टिकमधून, कुठूनही येतात. पडद्यावर बरोबर 44-44 डाल्टनच्या अंतराने सुळक्यांची दिंडी निघाली की अनुभवी माणूस लांबूनच सांगतो, "पॉलीइथिलीन ग्लायकोल. बाटली कुणी विसळली?" प्रयोगशाळेत त्या क्षणी कुणीच बाटली विसळलेली नसते.

तिसरा शत्रू युरिया, आणि हा तर जिल्ह्याचा जुना परिचित. उसाला घालायचा तो, दुधात भेसळीला घालतात तो, आणि प्रथिनाच्या घड्या उलगडायला घालतात तोही तोच. प्रयोगशाळेतला नेहमीचा द्राव लिटरला जवळजवळ पाचशे ग्रॅम युरियाचा असतो. म्हणजे पंचेचाळीस किलोच्या गोणीत नव्वदेक लिटर. कृषी सेवा केंद्रात रांग लावणाऱ्या माणसाला हे सांगू नये. हा द्राव थंड आहे तोवर सज्जन. कुणी घाईने गरम केला की युरियातून सायनेट निघते, ते प्रथिनाला चिकटते आणि प्रत्येक चिकटण्यामागे 43 डाल्टन वजन चढते. काट्यावर गाडी, गाडीच्या मागच्या फळीला कुणी लोंबकळलेले, आणि काटा करणाऱ्याला तो दिसत नाही, असा प्रकार.

चौथ्या शत्रूचे नाव घ्यायला प्रयोगशाळेत कुणालाच आवडत नाही, कारण तो आरशात दिसतो. माणसाच्या कातडीत, केसांत, कोंड्यात केराटिन नावाचे प्रथिन असते. नळीवर वाकून शिंकले, हातमोज्याने कपाळावरची बट मागे सारली आणि त्याच हाताने झाकण उघडले, की केराटिन आत. मग यंत्र इमानाने सांगते: नमुन्यात गाय थोडी, माणूस बराच. थंडीत लोकरीचा स्वेटर घालून काम केले तर अहवालात मेंढी येते. घोंगडी पांघरून काम करणारा अजून कुणी निघालेला नाही, पण निघाला तर कोणत्या जनावराचे नाव येईल ते धनगरवाड्यावर कुणीही सांगेल.

गंमत अशी की याच जिल्ह्यात केसाची वेगळी प्रतिष्ठा आहे. गाय ए1 दुधाची की ए2 दुधाची (हे भांडण पुढे येतेच) हे तपासायचे तर तिच्या शेपटीचे चार केस मुळासकट उपटून डीएनए तपासणीला पाठवता येतात. तिथे केस हाच नमुना, इथे केस हाच घात. केसाचा कुठे मान, कुठे अपमान, हे ज्याला त्याला ठरवावे लागते. टक्कल असलेल्या संशोधकांना या वादात पडावे लागत नाही.

इतके धुऊन प्रतिपिंड काट्यावर चढवले तर काय दिसते? पुन्हा टेकाड. या वेळी दोष कुणाचाच नाही. चिकातली प्रतिपिंडे म्हणजे एक माणूस नव्हे, जत्रा आहे. गाईला आयुष्यात जितके जंतू भेटले तितक्या तऱ्हांचे पहारेकरी. बांधा सगळ्यांचा सारखा, वजन प्रत्येकाचे थोडे निराळे. त्यातून प्रत्येकाच्या अंगाला साखरेच्या फांद्या चिकटलेल्या. कुणावर एक गॅलॅक्टोज जास्त, कुणावर कमी. दर घटकामागे 162 डाल्टनचा फरक. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातल्या गाईने प्रतिपिंडालाही साखर लावावी, यात तिचे काय चुकले? ही साखर कापून काढणारे विकर मिळते. त्याला मराठीत साखर उतारा म्हणायला हरकत नव्हती, पण तो शब्द कारखान्यांनी आधीच घेतला आहे आणि त्यावरून पुरेशी भांडणे आहेत. औषध म्हणून बनवलेली प्रतिपिंडे एकाच साच्यातली असतात, ती अखंड तोलता येतात. जत्रेची मात्र मुंडकीच मोजावी लागतात.

म्हणून कापणी. आधी मर्कॅप्टोइथॅनॉल घालून प्रतिपिंडाच्या चार साखळ्यांमधले गंधकाचे दुवे तोडायचे. याला सडक्या अंड्यांचा वास येतो. मुलगी होस्टेलवर परतली की मैत्रिणी खिडक्या उघडतात. दुवे पुन्हा जुळू नयेत म्हणून आयोडोअॅसिटामाइड नावाचे टोपण बसवायचे. ते उजेडात नासते, म्हणून नळी अर्धा तास काळोख्या कप्प्यात. मग ट्रिप्सिन. आपण खाल्लेली डाळ ज्या विकराने पोटात पचते, तेच हे, बहुधा डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेले. ते प्रथिनाची साखळी वाटेल तिथे तोडत नाही. लायसिन आणि अर्जिनिन ही दोन अमिनो आम्ले दिसली की त्यांच्या पुढेच कोयता चालवते. ऊसतोडीच्या टोळीने प्रत्येक ऊस नेमक्या पेऱ्यावरच तोडावा, इतकी शिस्त. 37 अंशांवर, अंगाइतक्या उबेत, रात्रभर. सकाळी दीड लाख डाल्टनच्या हत्तीचे हजार-दोन हजार डाल्टनचे व्यवस्थित तुकडे झालेले असतात. हे तुकडे आनंदाने उडतात. कोणता तुकडा कुठल्या प्रथिनाचा, हे संगणक ओळखतो. रात्रभराच्या कापणीत ट्रिप्सिन स्वतःचेही थोडे तुकडे करून घेते, आणि अहवालात एक डुक्करही येते. ते सगळ्यांनी गृहीत धरलेले असते.

शेवटची आंघोळ पिपेटच्या टोकात. त्या टोकात तळाशी मिठाच्या खड्याएवढा भुसा बसवलेला असतो; तुकडे त्याला धरून राहतात, मीठ वाहून जाते. मग त्यांना सोडवायला अॅसिटोनायट्राइल आणि चिमूटभर फॉर्मिक आम्ल, म्हणजे मुंगी चावल्यावर झोंबते ते. मुलगी पिपेटचे बटण अंगठ्याने दाबते, सोडते, दाबते, सोडते. बुडबुडा एकही येऊ द्यायचा नाही. एका नमुन्याला वीस-तीसदा. दहा नमुने झाले की अंगठा दुखतो, आणि धारा काढणाऱ्या आईचा अंगठा का दुखतो हे पहिल्यांदाच कळते.

एवढी यातायात कशासाठी, असा प्रश्न वडिलांचा. त्याला उत्तर आहे, आणि तेही बाजारातले. मध्यंतरी दुधाच्या पिशव्यांवर ए1, ए2 असे छापायची लाट आली. ए2 म्हटले की लिटरमागे दर चढतो. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने 21 ऑगस्ट 2024 ला सांगितले, असे दावे छापू नका. पाच दिवसांनी ते सांगणे मागे घेतले. मधल्या पाच दिवसांत काय छापावे हे छापखान्यांनाही कळले नसेल. भांडण कशावरून? बीटा केसीन नावाच्या 209 अमिनो आम्लांच्या साखळीत 67 व्या जागी कोण बसले आहे यावरून. प्रोलिन बसले तर ए2, हिस्टिडिन बसले तर ए1. वजनात फरक फक्त 40 डाल्टन, आणि साखळी चोवीस हजारांची. साठ किलोच्या माणसाने शंभर ग्रॅमचा बटाटेवडा खाल्ला की नाही, हे त्याला काट्यावर उभा करून सांगण्यासारखे आहे. शर्टाला लागलेली चटणी आधी पुसली नाही तर सांगता येणार नाही. दोन सोडियम चिकटले की 44 होतात, आणि 40 चा वडा त्यातच बुडतो.

अकोले तालुक्यातली डांगी गाय, आपल्या बहुतेक देशी गाईंप्रमाणे, ए2 च्या बाजूची. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून फुले त्रिवेणी तयार केली. अशा संकरित गाईच्या एकाच धारेत दोन्ही प्रकार निघू शकतात. गोठ्यात उभे राहून कोणती गाय कोणत्या प्रकारची हे डोळ्यांनी सांगणारे तज्ज्ञ प्रत्येक गावात दोन तरी असतात. मास स्पेक्ट्रोमीटर त्यांच्यापुढे मुकाट्याने हरतो, कारण त्याला आधी दोन दिवस धुवावे लागते आणि तज्ज्ञांना चहासुद्धा लागत नाही. लागतो, पण तो पाजायला कुणीतरी असतेच.

खोटा खरवस मात्र या काट्यापुढे टिकणार नाही. आटवलेले गोड दूध आणि दही वाफवून झटपट खरवस करतात. दिसतो तसाच, थरथरतो तसाच. त्यात चिकाची ती प्रतिपिंडांची जत्रा नसते. तुकडे करून पाहिले तर केसीनच केसीन निघेल, आणि हात न धुता कामाला बसले असेल तर थोडे करणारीचे केराटिन.

मुलीचा पहिला अहवाल आला तेव्हा तिने घरी फोन केला. आजीने विचारले, "मग काय भरलं, पोरी?"

"आजी, गाय आली, डुक्कर आलं, आणि मी पण आले."

"आणि वासरू?"

वासराचा हिशेब सोपा आहे, आणि तो कोणत्याही गोठ्यात करता येतो. यंत्राला एका फेरीला साधारण एक मायक्रोग्रॅम प्रथिन पुरते. चांगल्या चिकात लिटरला पन्नास ग्रॅम प्रतिपिंडे धरली, तर पाच मिलिलिटरच्या एका चमच्यात अडीच लाख फेऱ्या निघतात. वासराला मात्र पहिल्या दिवशी त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक लागतो; तीस किलोच्या कालवडीला तीन लिटर, आणि त्यातला पहिला घोट जन्मल्यापासून तास-दोन तासांत. तेव्हा या हंगामात ज्यांच्या गोठ्यात गाय व्याईल, त्यांनी आधी वासराला पाजावे. प्रयोगशाळेला चमचा द्यावा. उरला तर आळीला. आणि भांडे मोकळे परत करू नये.